भुकेवर एवढा अविश्वास कशासाठी?

‘भुकेचे लाड केले तर माणूस खातच सुटेल.’ वजन कमी करण्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते आणि पाठोपाठ तक्ता हातात पडतो. किती वाजता, किती पोळ्या, किती वाट्या, हे सगळे त्यात ठरलेले असते. पोटाला मात्र कुणी काही विचारत नाही. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ या पुस्तकात याच्या उलट बाजू मांडली. भूक लागली की खावे, पोट भरल्याची जाणीव झाली की थांबावे आणि कोणत्याही पदार्थावर पापाचा शिक्का मारू नये, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. म्हणूनच त्यावरचे आक्षेप टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

पहिला आक्षेप वर आलाच आहे: मोकळीक दिली की माणूस ताबा सोडतो. याचे उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिळते. तिथे अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी, म्हणजे आज सर्रास वाटल्या जाणाऱ्या १,२०० कॅलरींच्या तक्त्यांपेक्षा जास्तच. त्या तरुणांचे सारे चित्त अन्नात गुंतले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटल्या चाटू लागले, चिडचिडे आणि खिन्न झाले. निर्बंध उठल्यावर त्यांतले काही जण पोट तुडुंब भरले तरी खात राहिले. ताबा सुटला तो उपासमारीने. त्याचे कारणही आता ठाऊक आहे. वजन उतरले की तृप्तीचा निरोप देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते आणि भूक जागवणारे घ्रेलिन वाढते. शरीर आपला जीव राखत असते. त्या धडपडीला ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणणे हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाकीटबंद खाऊच्या जमान्यात भुकेचे इशारेच बिघडले आहेत, मग त्यांचे काय ऐकायचे? यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर असताना ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. पण तीच माणसे साध्या अन्नावर आली तेव्हा कुणी मोजून न वाढताही कमी खाऊन तृप्त झाली आणि त्यांचे वजनही उतरले. म्हणजे दोष पाकिटातल्या मालाचा आहे. त्याची शिक्षा भुकेला कशासाठी?

तिसरा आक्षेप परंपरेच्या नावाने येतो: हे पाश्चात्त्य थेर आहे, आपली शिकवण संयमाची. चरकसंहिता उघडून पाहावी. ज्या तेरा नैसर्गिक वेगांना अडवू नये असे चरक बजावतो, त्यांत भूक आणि तहान आहेत. आधीचे अन्न पचल्यावर खावे, मन लावून खावे, पोटाचा काही भाग रिकामा ठेवावा, हेही तिथेच सांगितले आहे. पोटाचा अंदाज घेतल्याशिवाय यातले काहीच पाळता येणार नाही. परंपरेतला संयम आणि भुकेची जाण यांच्यात वैर नाही.

आता मंडन. ही जाण आपल्याला जन्मतः मिळालेली असते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ताटात जास्त वाढले म्हणून तीन वर्षांची मुले जास्त जेवली नाहीत, पाच वर्षांची मात्र जेवली. दोनच वर्षांच्या अंतरात पोटाची सत्ता ताटाकडे जाते. आपल्या घरांत हे कसे घडते ते आपण जाणतोच. ‘एवढा घास संपव, मग उठ’, ‘पानात टाकायचं नाही’, पंगतीत नको नको म्हणताना पानावर पडणारी पुरणपोळी. घरातली बाई सर्वांचे झाल्यावर जेवते. भूक केव्हाच मरून गेलेली असते आणि तरी उरलेले वाया जाऊ नये म्हणून ती ते संपवते. प्रेमाने आणि काटकसरीनेच आपण एकमेकांना पोटाचे ऐकू नये असे शिकवत आलो.

हे उलटवता येते. लहान मुलाच्या भुकेचे आणि तृप्तीचे इशारे ओळखून भरवावे, जबरदस्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मोठ्यांनी थोडे वाढून घ्यावे, सावकाश जेवावे, मोबाइल बाजूला ठेवावा, मध्येच थांबून पोटाचा अंदाज घ्यावा आणि लागले तर निःसंकोच पुन्हा घ्यावे. घरातल्या बाईने भूक लागली तेव्हा सर्वांबरोबर पानावर बसावे.

या मार्गाला मर्यादा आहेत. इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणाची वेळ सांभाळावीच लागते. आजारात किंवा खाण्याच्या मानसिक विकारात भुकेची जाणीवच हरपलेली असू शकते. तिथे डॉक्टरांचा सल्ला आधी. शिवाय वजन घटेलच असे वचन हा मार्ग देत नाही आणि कुणी ते देऊही नये. तो अन्नाशी चाललेले भांडण मिटवतो. ज्याला दोन वेळचे अन्न मिळते, त्याने प्रत्येक घासागणिक अपराधी वाटून घ्यावे असे कोणत्याही आरोग्यशास्त्राने सांगितलेले नाही. तक्ता गरजेपुरता जवळ असू द्या. पण किती खायचे याचा शेवटचा शब्द निरोगी माणसाच्या पोटाचाच असला पाहिजे.