धारेचा दुसरा फरक

भर पावसाळ्यात येडशीच्या रामलिंगाला गेलेल्या मुलांना अन्वस्त वक्र वेगळा दाखवावा लागत नाही. कड्यावरून सुटलेले पाणी आधी पुढे झेपावते, मग वाकत वाकत खाली येते. देवळाभोवतीची माकडे फांदीवरून फांदीवर झेप घेतात, तीही त्याच वळणाची. आपण शिक्षक तिथे मुलांना जटायूची कथा सांगतो, अभयारण्यातली झाडे ओळखायला लावतो. आणि सोमवारी दहावीचे ‘वर्गसमीकरणे’ हे प्रकरण काढले की त्या पाण्याचे नावही घेत नाही. हे मला मनापासून खटकते.

धबधबा मोजता येत नाही, पण धार मोजता येते. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला बाजूने भोक पाडा, डबा टेबलाच्या कडेवर ठेवा आणि भोकाच्या वर पाणी सतत २० सेंटिमीटर राहील असे ओतत राहा. धारेमागे चौकटीचा कागद लावा. धार आडवी २०, ४०, ६०, ८० सेंटिमीटर गेली की हिशेबाने ती ५, २०, ४५, ८० सेंटिमीटर खाली आलेली असते. प्रत्यक्षात थोडी जास्तच. मुलांना फरक काढू द्या: ५, १५, २५, ३५. हे फरक पुढच्याच प्रकरणातल्या अंकगणिती श्रेढीत आहेत. फरकांचा फरक दर वेळी १०. दुसरा फरक स्थिर, ही वर्गाच्या नात्याची खूण आहे आणि ती सातवीच्या मुलालाही पटते.

ही खूण आधी हातात द्यायला हवी, कारण नुसता आकार फसवतो. दोन खिळ्यांना लोंबणारी साखळी अन्वस्तासारखीच दिसते, पण ती अन्वस्त नव्हे. हे ह्यूजेन्सने १६४६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी दाखवून दिले. वर्गात साखळीचे उदाहरण ‘अन्वस्त’ म्हणून सर्रास दिले जाते. ते थांबवू या.

येडशीवरून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. त्या रस्त्यावरच्या गाडीत तर वर्गसमीकरणाची सगळी पदे सापडतात. चालकाला अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. त्यात गाडी वेगाच्या प्रमाणात पुढे जाते. हे एकघाती पद. ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, हे वर्गपद. दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रतिसेकंद घटतो असे मानले, तर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने येणारी गाडी १० अधिक १०, अशी २० मीटरांत थांबते. वेग दुप्पट केला की २० अधिक ४०, म्हणजे ६० मीटर लागतात. ब्रेकचे अंतर चौपट झाले, एकूण अंतर तिप्पट. असे का, हे मुलांनाच विचारा.

मग प्रश्न उलटा करा. समोर ६० मीटरांवर गुरे आडवी आली आहेत. जास्तीत जास्त किती वेग चालेल? वेगाला ‘व’ म्हटले की व² + १०व − ६०० = ०, म्हणजे (व + ३०)(व − २०) = ०. अवयव पाडायची मुलांना सवय असते, उत्तरे पटकन येतात: २० आणि उणे ३०. घाई करून उणे ३० खोडू नका. गाडीचा वेग उणे कसा असेल, आणि गणिताने तो का दिला, यावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.