स्तुतीचा अपराध

स्तुती हा ज्या समाजाचा शिष्टाचार होऊन बसतो, त्या समाजात परीक्षण हे वैर ठरते. आपल्या देवस्थानाच्या सभामंडपात उत्सवाच्या रात्री कोणी कसेही गावो. पुढे छापून येते ते 'मैफल रंगली' एवढेच. शाल, श्रीफळ आणि हे दोन शब्द ह्यांवर कलावंताची बोळवण होते. ह्या रीतीस मी पूर्वी सौजन्य म्हणत असे. आज मी तिला अपराध म्हणतो, आणि त्या अपराधात मीही आरोपी आहे.

वकिली हा माझा व्यवसाय. ध्वनिमुद्रिकांचे परीक्षण हा जोडधंदा. धंदा हा शब्द अंमळ मोठाच झाला, कारण परीक्षणासाठी आलेली तबकडी हेच पुष्कळदा मानधन असे. चित्रपटसंगीताच्या पाठीशी जाहिरातीचे द्रव्य असते; त्याचे परीक्षकावाचून अडत नाही. मला ओढ होती ती कोणत्याही कंपनीच्या आश्रयावाचून, स्वतःच्या खर्चाने आपले संगीत प्रसिद्ध करणाऱ्या तरुण वृंदांची. गोव्याला हे धाडस नवे नाही. रेमो फर्नांडिस ह्यांनी 1984 साली 'गोअन क्रेझी' हा संग्रह शिवोलीच्या राहत्या घरी ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या ध्वनिफिती स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोहोचविल्या. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' ह्या वृंदाने 2010 मध्ये '16/330 खजूर रोड' ह्या संग्रहातील गीते एकेक करून श्रोत्यांस विनामूल्य दिली.

फोंड्याकडच्या अशाच एका वृंदाने काही वर्षांपूर्वी कर्ज काढून गिटार, ड्रम आणि पखवाज ह्यांच्या साथीने अभंगांचा संग्रह काढला. मी तो तीनदा ऐकला. वाद्यांच्या कल्लोळात विठ्ठलाचे नावसुद्धा नीट ऐकू येत नव्हते आणि तारसप्तकात गायकाचा सूर ढळत होता. तरीही मी लिहिले, 'प्रयत्न स्तुत्य आहे.' पोरांनी पदरमोड केली आहे, त्यांचे मन कशाला मोडा, हा माझा विचार. पुढे त्यांनी तेच दोष कायम ठेवून दुसरा संग्रह काढला, आणि तो कोणी ऐकला नाही. त्यानंतर गायक मला न्यायालयाच्या आवारात भेटला. तो म्हणाला, "वकीलसाहेब, अशिलाचा दावा पडणार असेल तर तुम्ही त्याला आधी सांगता ना? मग आम्हांला का नाही सांगितले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कोणी म्हणेल, नवोदितांस उत्तेजन द्यावे. अवश्य द्यावे, पण खोटे सांगणे हे उत्तेजन नव्हे. आपल्या घराण्यांतील कोणत्या गुरूने बेसूर शिष्यास 'स्तुत्य' म्हटले? दुसरा म्हणेल, आता सारे संगीत प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात आहे. परीक्षक हवा कशाला? यंत्र किती जणांनी ऐकले ते मोजते. काय ऐकले ते सांगत नाही. संगीत जितके विपुल, तितकी निवडीची गरज अधिक.

मात्र कठोरपणा म्हणजे परीक्षण, हा दुसऱ्या टोकाचा भ्रमही नको. अमेरिकेत 1996 साली सुरू झालेले 'पिचफोर्क' हे संकेतस्थळ दहांपैकी गुण देई, तेही दशांशात. 2004 मध्ये त्याने 'ट्रॅव्हिस्टन' ह्या संग्रहास शून्य गुण दिले. लोकांच्या लक्षात राहिले ते शून्य. त्याखालची कारणे किती जणांनी वाचली असतील? कारणे न देता दिलेला निकाल अपिलात टिकत नाही, हे प्रत्येक वकील जाणतो. त्याच 'पिचफोर्क'ला जानेवारी 2024 मध्ये मालक कंपनीने 'जीक्यू' ह्या पुरुषांच्या मासिकाच्या छत्राखाली नेले आणि तेथील कित्येकांस नारळ दिला. ज्याचे वेतन वाचकाकडून येत नाही, त्या परीक्षकाचे आसन असे डळमळीतच राहणार.

कायदा परीक्षकास अनुकूल आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमाने टीका व परीक्षण ह्यांसाठी कृतीचा रास्त उपयोग मोकळा ठेवला आहे. परंतु कायदा बोलण्याची मुभा देतो. भीड मोडून देत नाही. आयोजकाचा फुकट प्रवेश, वृंदाची भेट आलेली तबकडी, जाहिरातदाराकडे पाहून संपादकाने फिरविलेली कात्री, ह्या तिन्हींनी मिळून आपले परीक्षण मिंधे केले आहे. न्यायाधीशाने पक्षकाराच्या घरी जेवू नये, इतके साधे हे तत्त्व आहे.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. नियतकालिकांनी परीक्षणास मानधन द्यावे, ते अल्प असले तरी चालेल. उत्सव समित्यांनी परीक्षकास मानाच्या खुर्चीवर न बसविता श्रोत्यांत बसू द्यावे. वाचकांनी कडू शब्द वाचून लेखकाशी बोलणे टाकू नये. आणि माझ्यापुरते सांगतो: यापुढे कोणीही मला तबकडी भेट पाठवू नये, मी ती विकत घेईन. फोंड्याच्या त्या मुलांनी तिसऱ्या संग्रहाची तयारी चालविली आहे असे कळते. तो आला म्हणजे ह्याच पृष्ठांवर मी त्याविषयी लिहीन, आणि ह्या वेळी कारणांसह लिहीन.