गोदावरीचे नांदेड शहरातील पात्र नावांना आणि पादचाऱ्यांना मोकळे करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
तथा अध्यक्ष, जिल्हा पर्यावरण समिती, नांदेड

विषय : शहरातील नाले नदीत मिसळण्याआधी अडवणे, जलपर्णी वेळेवर काढणे आणि घाटांदरम्यानचा काठ चालण्याजोगा करणे.

महोदय,

आम्ही गोदावरीच्या उत्तर काठावर राहणारे आणि सकाळी घाटांवर फिरायला जाणारे नांदेडकर आहोत. आमच्याबरोबर या निवेदनावर काही नावाड्यांनी आणि मासेमारांनीही सह्या केल्या आहेत. गोवर्धन घाट, नगिना घाट, बंदाघाट आणि उर्वशी घाट एका सकाळी पायी पाहून होतील इतके जवळ आहेत. परंतु काठाने सलग चालता येत नाही. एक घाट संपला की वेडी बाभूळ, राडारोडा आणि निर्माल्याच्या पिशव्या लागतात. पुढे नाला आडवा येतो आणि माणसाला नदी सोडून रस्त्यावर चढावे लागते.

नाल्याच्या तोंडाशी क्षणभर थांबले तरी दुखणे कुठे आहे ते कळते. तिथे पाणी काळे पडलेले असते, त्यावर फेस असतो. जलपर्णी मात्र गुडघ्याएवढी वाढलेली आणि गर्द हिरवी दिसते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हेच तिचे खत आहे. पावसाळा संपून विष्णुपुरी धरणाचे दरवाजे बंद झाले की शहरातील पात्राला वरून पाणी मिळत नाही. पाणी जवळजवळ उभे राहते, त्यात भर पडते ती नाल्यांचीच, आणि काही आठवड्यांत हिरवा थर काठ सोडून मधल्या धारेकडे सरकतो.

त्यातून नाव काढणे किती जिकिरीचे आहे, ते नावाड्यांच्या शेजारी बसूनच समजते. वल्हे पाण्यातून वर आले की त्याला मुळांचा केसाळ झुपका लटकलेला असतो. तो झटकल्याशिवाय पुढचा हात मारता येत नाही. मोटारीच्या नावेची अवस्था आणखी वाईट. पंख्याला गुंता बसला की मोटार बंद करायची, मागे ओणवे होऊन विळ्याने मुळे कापायची, तोवर नाव पुन्हा थरात शिरलेली असते. मासेमारांच्या जाळ्यात माशांऐवजी हाच कचरा येतो. थर कुजला की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासेही मरतात. कोणी पाण्यात बुडाले तर शोधायला उतरणारी नावही याच थरातून जाणार आहे, हे प्रशासनाने ध्यानात घ्यावे.

ही नदी केवळ आमच्या फिरण्याची जागा नाही. सचखंड श्री हजूर साहिब येथे रोज पहाटेच्या आधी गोदावरीतून गागर भरून नेली जाते. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला देशविदेशातून भाविक याच काठावर आले आणि त्या निमित्ताने घाट सजले. आजही यात्रेकरू नगिना घाटावर स्नानाला उतरतात. पाण्याचा रंग पाहून त्यांतील कोणी ओंजळ भरता भरता थांबतो, तेव्हा यजमान म्हणून आमची मान खाली जाते.

शहराला पिण्याचे पाणी वरच्या अंगाच्या विष्णुपुरीतून मिळते. त्यामुळे खाली काय वाहून जाते याची झळ आपल्याला थेट लागत नाही. ती लागते नदीकाठच्या खालच्या गावांना. खालच्या अंगाच्या ज्या बाभळी बंधाऱ्यासाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलो, त्याचे दरवाजे 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. ते बंद झाल्यावर जे पाणी अडते, त्यात नांदेडचे सांडपाणी असावे काय? शेजारच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात भरलेली नदी नासवणे हा अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत नाशिकच्या सोमेश्वरपासून आपल्या जिल्ह्यातील राहेरपर्यंतचा गोदावरीचा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत प्रदूषित वर्गात आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 रोजी स्थानिक संस्थांना 3 वर्षांची मुदत दिली होती. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये हयगय झाल्यास प्रत्येक नाल्यामागे दरमहा 5 लाख रुपये भरपाईची तरतूद केली. तेव्हा आम्ही मागतो ते कायद्याने आधीच मान्य झालेले आहे.

आमची मुख्य मागणी एकच : आधी नाले अडवा. नाले वाहते ठेवून यंत्राने जलपर्णी काढत राहणे म्हणजे दरवर्षी तेच देयक नव्याने मंजूर करणे होय. नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याची पाहणी करावी, त्याचे पाणी प्रक्रिया केंद्राकडे कधी वळणार याची तारीख ठरवावी आणि ती तारीख नाल्याच्या तोंडाशीच फलकावर लावावी. उपसा केंद्रांवर वीज गेल्यावर पंप चालू राहतील अशी सोय हवी, नाहीतर अडवलेले पाणी पुन्हा नदीतच उतरते.

तोवर जलपर्णी दिवाळीच्या सुमारास, थर विरळ असतानाच काढावी. या कामात नावाडी व मासेमारांना मजुरीवर घ्यावे. थर कुठे दाटतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. काढलेला ढीग काठावर न टाकता लगेच हलवावा आणि तणनाशकाची फवारणी मुळीच करू नये. घाटांदरम्यान साधी पायवाट आणि नाल्यांवर छोटे साकव पुरेत. सिमेंटची नवी भिंत आम्हाला नको.

जिल्हा पर्यावरण समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. त्याआधी आपण स्वतः आमच्यासोबत एकदा काठाने पायी यावे आणि नगिना घाटावरून नावेत बसून पात्र पाहावे, ही नम्र विनंती. वेळ आपण सांगाल ती.

आपले विश्वासू,
गोदाकाठचे नागरिक, नावाडी व मासेमार, नांदेड

प्रत माहितीस्तव :
मा. आयुक्त, नांदेड वाघाळा शहर महानगरपालिका
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, नांदेड