राजीनाम्याची अर्धी आठवण : अमित शहांच्या भाषणात काय होते आणि काय गाळले गेले

संविधानाच्या ७५ वर्षांवरील चर्चेत १७ डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा राज्यसभेत बोलले. 'आंबेडकर, आंबेडकर' म्हणणे ही आता फॅशन झाली आहे, एवढे नाव देवाचे घेतले असते तर सात जन्म स्वर्ग मिळाला असता, हे त्यातले वाक्य काही तासांत देशभर पोहोचले. दुसऱ्या दिवशी शहांनी पत्रकार परिषद घेऊन आपल्या बोलण्याची मोडतोड केल्याचा आरोप काँग्रेसवर केला. १९ तारखेला संसदेच्या मकरद्वारापाशी खासदारांची धक्काबुक्की झाली. आपल्याकडे गावोगाव निषेधाचे मोर्चे निघाले, ते निघायलाच हवे होते.

स्वर्गाबद्दल आम्हाला फारसे लिहायचे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला सात जन्मांच्या स्वर्गाचे आमिष दाखवणाऱ्या माणसाला आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असून पर्वा नसावी. तो विषय तेवढ्यावर सोडू.

आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्या वाक्याच्या लगेच पुढचे. तो भाग क्लिपमध्ये आला नाही म्हणून आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलाही नाही. शहा म्हणाले की बाबासाहेबांचे नाव शंभर वेळा घ्या, पण त्यांच्याबद्दल तुमची भावना काय होती ते सांगतो. मग त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाबासाहेबांनी राजीनामा का दिला याची कारणे मांडली : अनुसूचित जाती-जमातींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल असमाधान, परराष्ट्र धोरणाशी मतभेद आणि कलम ३७० ला विरोध.

ही तीन कारणे बाबासाहेबांच्या निवेदनाशी ताडून पाहू.

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी राजीनामा दिला. ऑक्टोबरात ते सभागृहात निवेदन करायला उभे राहणार होते, पण उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. ही सेन्सॉरशिप आहे असे म्हणून ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. त्यात अनुसूचित जातींवरील अन्यायाची आणि मागासवर्गीयांसाठी आयोग न नेमल्याची तक्रार आहे. परराष्ट्र धोरणावर कडक टीका आहे. शहांची पहिली दोन कारणे खरी आहेत, ते मान्य करायला आम्हाला अडचण नाही.

तिसरे कारण मात्र त्या निवेदनात नाही. काश्मीर आहे, कलम ३७० नाही. काश्मीरबद्दल बाबासाहेबांनी जे सुचवले ते तर शहांच्या पक्षाला आज उच्चारताही येणार नाही : हिंदू आणि बौद्ध भाग भारताला, मुस्लिम भाग पाकिस्तानला, आणि हे जमत नसेल तर निदान खोऱ्यापुरते सार्वमत. ३७० वरून बाबासाहेबांनी शेख अब्दुल्लांना सुनावल्याचा जो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो जनसंघाचे नेते बलराज मधोक यांच्या सांगण्यावरून आलेला आहे. बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनात तो नाही. आपलेही काही कार्यकर्ते तो पुढे पाठवतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणि एक कारण शहांच्या यादीतून पूर्ण गळाले. हिंदू कोड बिल.

निवेदनाचा शेवट त्यावरच आहे. इतर मतभेद असूनही आपण मंत्रिमंडळात थांबलो ते या बिलासाठी, असे बाबासाहेब त्यात सांगतात. देशाच्या विधिमंडळाने हाती घेतलेली ही सर्वांत मोठी सामाजिक सुधारणा आहे, वर्गावर्गातली आणि स्त्रीपुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक प्रश्नांवर कायदे करत राहणे म्हणजे शेणाच्या ढिगावर राजवाडा बांधणे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. एप्रिल १९४८ मध्ये प्रवर समितीकडे गेलेले हे बिल सप्टेंबर १९५१ पर्यंत रेंगाळले, शेवटी त्यातला फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग चर्चेला घेतला आणि चार कलमे मंजूर झाल्यावर तोही सोडून दिला.

हेच कारण का गळाले असावे? बिलाच्या विरोधात कोण उभे होते ते पाहिले की अंदाज येतो. डिसेंबर १९४९ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने दिल्लीच्या रामलीला मैदानावर या बिलाविरुद्ध सभा घेतली. हिंदू महासभा विरोधात होती. संसदेत श्यामाप्रसाद मुखर्जी विरोधात बोलले आणि ज्या ऑक्टोबर १९५१ मध्ये बाबासाहेबांचे निवेदन प्रसिद्ध झाले, त्याच महिन्यात त्यांनी भारतीय जनसंघ स्थापन केला. शहांच्या पक्षाची वंशावळ तिथून सुरू होते. राजीनाम्याचे हे कारण सांगितले असते तर आरोपींच्या रांगेत काँग्रेसशेजारी स्वतःच्या पूर्वसुरींनाही बसवावे लागले असते.

काँग्रेसला यातून मोकळे सोडायचे कारण नाही. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्यासह पक्षातल्या सनातन्यांचा विरोध आणि तोंडावर आलेली निवडणूक पाहून नेहरू मागे सरले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत बाबासाहेबांना पाडले ते काँग्रेसच्याच उमेदवाराने. त्यामुळे 'जय भीम'च्या घोषणा देत संसदेच्या आवारात उभ्या राहिलेल्या काँग्रेस खासदारांचे फोटो पाहून भारावून जाणाऱ्या तरुणांनी जरा दमाने घ्यावे, एवढेच सांगू.

हे बिल 'हिंदू' नावाचे, मग आपल्याला त्याचे काय, असे काही तरुण विचारतात. १९५५-५६ मध्ये त्याचेच तुकडे चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. विवाह, वारसा, अज्ञानत्व-पालकत्व, दत्तक-पोटगी. हे चारही बौद्धांना लागू आहेत. आपल्या विहारात लागणारे लग्न कायद्याच्या दृष्टीने हिंदू विवाह कायद्याखाली येते आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी त्यातूनच उभी राहिली आहे. दुसऱ्या बाजूने, आज आपल्या घरातली मुलगी वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागते किंवा छळणाऱ्या नवऱ्यापासून घटस्फोट घेते, तेव्हा ती त्या मोडून पडलेल्या बिलाच्या आधारावर उभी असते. राजीनाम्याचे हे कारण पुसले की तिच्या हक्काचा उगमही पुसला जातो. आता समान नागरी कायद्यासाठी बाबासाहेबांचे नाव पुढे केले जाते आणि २७ जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात तो लागूही झाला. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी समान नागरी कायद्याची बाजू घेतली होती हे खरेच आहे. पण त्यांच्या हयातीत स्त्रियांना हक्क देणारा प्रत्यक्ष कायदा समोर आला तेव्हा कोण कुठे उभे होते, हे त्या चर्चेत विचारले गेलेच पाहिजे.

स्मरणाचा दुसरा हिशेब त्याच आठवड्यातला आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी अटकसत्र चालवले. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शहांचे भाषण त्यानंतर दोन दिवसांनी झाले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू झाल्याचे नमूद होते, तरी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिवाळी अधिवेशनात सोमनाथला मारहाण झाली नसल्याचे आणि त्याला श्वसनाचा आजार असल्याचे सांगितले. गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळायला जुलै २०२५ उजाडला. तोही सोमनाथच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली आणि अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली म्हणून. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले, तिथेही आदेश कायम राहिला. पंचतीर्थे उभारल्याचा दाखला देणाऱ्या सरकारने हा आदेश थांबवण्यासाठी दिल्लीपर्यंत जाणे, याला आम्ही बाबासाहेबांचे स्मरण म्हणू शकत नाही.

निवेदनाचा पूर्ण मजकूर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या १४ व्या खंडात आहे. खंड दोन भागांत असून हिंदू कोड बिलावरची संसदेतली सगळी चर्चा त्यात सापडते. दरवर्षी २५ डिसेंबरला महाडच्या मनुस्मृती दहनाची आठवण म्हणून ठिकठिकाणी स्त्री मुक्ती दिन होतो. भाषणांची यादी थोडी कमी करून त्या दिवशी हे निवेदन मोठ्याने वाचले तर तास-दीड तासाहून जास्त लागणार नाही. वाचन मुलींनी करावे, असे आम्हाला वाटते.