मिक्सर गेटवर, साहेब मीटिंगमध्ये

पावसाळा सरला की रखडलेल्या स्लॅबची घाई सुरू होते. आरएमसीचा मिक्सर गेटवर उभा असतो, स्लंप कमी आलेला असतो. गाडी परत पाठवायची का, हे विचारायला साइट इंजिनिअर साहेबांना फोन लावतो. साहेब आर्किटेक्टकडे मीटिंगमध्ये. प्लांटवर भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हावी, असे आपले मानक सांगते. घड्याळ पुढे सरकते, आणि ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडून मोकळा होतो. स्लंप जमतो, ताकद जाते. २८ दिवसांनी क्यूब कमी भारालाच फुटले की बोलणी खातो तो इंजिनिअर.

‘काम त्याच्यावरच सोपवले होते,’ असे साहेब सांगतात. सोपवली होती ती फक्त धावपळ. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार साहेबांच्याच खिशात होता.

कोकण रेल्वे आठवावी. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे होती. त्यांनी मार्गाचे सात विभाग केले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येक विभागावर एक मुख्य अभियंता. बेलापूरच्या कार्यालयात बसून पेडण्याच्या बोगद्यातली माती दिसत नाही, एवढे तरी त्या मांडणीत गृहीत होते. आपल्या तीन इमारतींच्या साइटवर मात्र खिळ्यांच्या खरेदीलाही साहेबांची सही लागते!

म्हणून सगळेच सोडून द्यावे, असे नाही. जे एकदा झाकले गेले की पुन्हा दिसत नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे: स्लॅबचे स्टील, वॉटरप्रूफिंग, भिंतीत गाडलेले पाइप. फरशीची मांडणी, मजुरांची वाटणी, किरकोळ खरेदी खुशाल सोडावी. चुकली तर निस्तरता येते. प्रत्यक्षात नेमके उलटे दिसते. फरशीची शेड साहेब निवडतात आणि बार चेकिंग कालच आलेल्या डिप्लोमावाल्याकडे.

अधिकार दिल्याचे समोरच्याला कळवणेही तितकेच गरजेचे. पुरवठादार इंजिनिअरला डावलून थेट साहेबांना फोन करतो, साहेब ‘बघू, आज घ्या चालवून’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पोराचे साइटवर कुणी ऐकत नाही. तेव्हा पुढच्या स्लॅबआधी प्लांटला लेखी कळवा, की गाडी नाकारण्याचा निर्णय साइट इंजिनिअरचा असेल आणि त्यावर वर दाद मागता येणार नाही. खाली त्याचे नाव आणि त्याचाच मोबाइल नंबर द्या.