समुद्रात हात वर करायलाही शिका

मालवणच्या चिवला बीचवरच्या स्पर्धेत पहिल्यांदाच लांब पल्ल्यासाठी नाव दिलंय? तलावात तुम्ही तेवढं अंतर आरामात पोहत असाल. पण समुद्रात दम खायला कठडा नसतो. म्हणून आधी जाणकार सोबत्याबरोबर समुद्रातच सराव करा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर लपवू नका, तपासून घ्या.

माझ्या मते सगळ्यात मोठी तयारी वेळीच थांबण्याची. पोहताना अचानक धाप लागली, खोकला येऊन गुलाबी फेस पडला, तर फुफ्फुसांत पाणी साठत असू शकतं. हे पाणी समुद्राचं नव्हे, आपल्याच रक्तातून झिरपलेलं असतं. अशा वेळी ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका. हात वर करा, बोटीत चढा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.