इंधनाआधी समभाग

समाजमाध्यम चालवून ज्या कंपनीस २०२४ साली जेमतेम ३६ लाख डॉलर्सचा महसूल मिळाला आणि ४० कोटी डॉलर्सचा तोटा झाला, ती कंपनी आता पृथ्वीवर सूर्य आणणार आहे. ‘ट्रम्प मीडिया’ आणि कॅलिफोर्नियातील ‘टीएई टेक्नॉलॉजीज’ यांच्या सहा अब्ज डॉलर्सहून अधिक मोलाच्या विलीनीकरणाची घोषणा झाली आणि भांडवली बाजार हरखला. अणुसंमीलनातून वीज निर्माण करणारे ५० मेगावॉटचे केंद्र २०२६ मध्येच उभारावयास घेऊ, असे सांगण्यात आले. या व्यवहारात अमेरिकेचे अध्यक्ष सर्वात मोठे भागधारक. केंद्रास परवानगी देणार ‘अणु नियामक आयोग’. त्याचे सदस्य नेमणारेही अध्यक्षच. यातील एका सदस्यास त्यांनी जून २०२५ मध्ये घरी पाठवले. म्हणजे परवाना मागणारा आणि परवाना देणाऱ्यांना नेमणारा एकच. यावर अमेरिकी माध्यमांत भरपूर लिहून झाले आणि ते योग्यच. पण या गदारोळात विचारावयाचा मूळ प्रश्न राहूनच गेला. हे केंद्र जाळणार काय आणि जळून मागे उरणार काय?

कोळशाची भट्टी लावणाऱ्यास हा प्रश्न कोणीही विचारतो. खाण कोठे आहे आणि राख कोठे टाकणार, याचे उत्तर मिळेपर्यंत बँक त्यास कर्ज देत नाही. संमीलनवाल्यांना मात्र ही विचारणा होत नाही. ‘स्वच्छ आणि अमर्याद’ ही दोन विशेषणे उच्चारली की पुरते.

तेव्हा आधी इंधन. ‘टीएई’स हायड्रोजन आणि बोरॉन यांचे संमीलन घडवायचे आहे. कागदावर ते अत्यंत देखणे. बोरॉन मुबलक, किरणोत्सारी इंधन नाही आणि अभिक्रियेतून निघतात हेलियमची तीन केंद्रके. पण त्यासाठी १०० कोटी अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. या कंपनीच्या यंत्राने गाठले आहेत साधारण सात कोटी अंश. त्यातही इतक्या तापलेल्या प्लाझ्मातून क्ष-किरणांवाटे निसटणारी ऊर्जा अभिक्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेशी बरोबरी करते, ही अडचण अभियांत्रिकीची नाही. ती भौतिकशास्त्राची आहे. पैसे ओतून ती वितळत नाही. १९९८ पासून ही कंपनी याच्या मागे आहे आणि बोरॉनपासून विजेचे एक युनिटही कोणी जगास विकलेले नाही.

उरलेल्या बहुतेक संमीलनवाल्यांची मदार ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्याच समस्थानिकांच्या जोडीवर. यातील ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे आणि ‘समुद्रभर इंधन’ ही जाहिरात त्याच्याच जोरावर चालते. जोडीतल्या दुसऱ्याविषयी मौन. ट्रिटियम निसर्गात जवळपास नाहीच. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणजे साठवून ठेवला तरी दरवर्षी साडेपाच टक्के आपोआप नाहीसा होतो. जगातील नागरी साठा साधारण २५ किलो, तोही प्रामुख्याने कॅनडातील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून गोळा झालेला. एका ग्रॅमची किंमत ३० हजार डॉलर्सच्या घरात. आणि एक गिगावॉट संमीलन ऊर्जा वर्षभर निर्माण करण्यास लागणारा ट्रिटियम सुमारे ५६ किलो! सगळ्या जगाचा साठा एकाच भट्टीत घातला तरी ती सहा महिन्यांत विझेल. ज्या विखंडन भट्ट्यांना मागे टाकण्याच्या गप्पा चालल्या आहेत, त्याच भट्ट्यांच्या दारात हे ‘अमर्याद’ इंधन मागण्यासाठी उभे राहावे लागणार आहे.

यावर तयार उत्तर असे की भट्टी आपला ट्रिटियम आपणच पिकवेल. भोवती लिथियमचे आवरण लावायचे, त्यावर न्यूट्रॉन आदळले की ट्रिटियम तयार होतो. प्रयोगशाळेत हे खरे. पण जळेल त्याहून जास्त ट्रिटियम पिकवणारे संपूर्ण आवरण आजतागायत जगात कोठेही चाललेले नाही. त्यास लिथियम-६ हे समस्थानिक लागते आणि नैसर्गिक लिथियममध्ये ते अवघे साडेसात टक्के. ते वेगळे काढण्याची औद्योगिक प्रमाणावर वापरली गेलेली जुनी पद्धत पाऱ्यावर चाले. शीतयुद्धात हायड्रोजन बॉम्बसाठी टेनेसीतील ओक रिज येथे ती वापरली गेली आणि शेकडो टन पारा माती-पाण्यात गेला. त्याची सफाई आजही सुरू आहे. ‘स्वच्छ’ ऊर्जेच्या माहितीपत्रकात हे पान नसते.

‘मायक्रोसॉफ्ट’ला २०२८ पासून वीज देण्याचा करार करून बसलेली ‘हेलिऑन’ ही संमीलन कंपनी हेलियम-३ची भाषा करते. हे समस्थानिक पृथ्वीवर नगण्य, चंद्राच्या मातीत अब्जांशांत मोजावे इतके. आज ते मिळते ट्रिटियमच्या क्षयातून. कंपनी ते ड्यूटेरियमच्या संमीलनातून मिळवू म्हणते. पण त्या अभिक्रियेच्या एका वाटेने न्यूट्रॉन निघतो आणि दुसऱ्या वाटेने ट्रिटियम. म्हणजे ज्यापासून सुटका हवी तेच पुन्हा पदरात.

आता राख. ‘मागे उरतो तो फक्त निरुपद्रवी हेलियम’ हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की ते तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. एक गिगावॉटच्या भट्टीतून वर्षाला निघणारा हेलियम ७५ किलोच्या आसपास. खरी राख वेगळीच. ड्यूटेरियम-ट्रिटियम संमीलनातील ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो आणि तो थेट भट्टीच्या भिंतीवर आदळतो. त्या माऱ्याने पोलाद ठिसूळ होते आणि किरणोत्सारीही होते. भिंतीचे भाग ठरावीक काळाने बदलावे लागणार आणि काढलेला प्रत्येक टन सांभाळत बसावे लागणार. पोलादात निओबियम, मॉलिब्डेनम वा निकेल किती, यावर तो कचरा १०० वर्षांत निवळणार की त्याहून फार अधिक काळ छळणार हे ठरते. इतक्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनांखाली पोलाद वर्षानुवर्षे कसे टिकते हे तपासणारे केंद्र स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळ अजून उभेच राहते आहे. भट्टीची विक्री मात्र सुरू. शिवाय ट्रिटियम हायड्रोजनच. तो धातूतून पाझरतो आणि पाण्यात मिसळतो. गोव्याच्या सीमेपासून दूर नसलेल्या कैगा अणुऊर्जा केंद्रात २००९ साली पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि अनेक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते पोहोचले. तेव्हा ही भीती पुस्तकी नाही.

हे खरे की संमीलन भट्टी चेर्नोबिलसारखी बेकाबू होऊ शकत नाही आणि तिच्यातून वापरलेल्या युरेनियम इंधनासारखा हजारो वर्षांचा वारसा उरत नाही. हा फायदा मोठाच. पण कमी कचरा म्हणजे कचरा नव्हे, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? अमेरिकी नियामकाने २०२३ मध्ये या भट्ट्यांना अणुभट्टीचे कठोर नियम न लावता रुग्णालये आणि कारखान्यांतील किरणोत्सारी पदार्थांच्या सौम्य चौकटीत बसवण्याचा निर्णय घेतला. छोट्या प्रयोगासाठी ते ठीक. किलोंनी ट्रिटियम हाताळणाऱ्या वीज केंद्रासाठीही तीच मोजपट्टी?

होमी भाभा यांनी १९५५ साली जीनिव्हातील परिषदेत दोन दशकांत संमीलन साध्य होईल असे भाकीत केले होते. त्यास ७० वर्षे झाली. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रयोगात ३.१५ मेगाज्युल ऊर्जा निघाली तेव्हा जगाने जल्लोष केला. त्यासाठी ग्रिडमधून घेतले होते सुमारे ३०० मेगाज्युल. म्हणजे ऐंशीहून अधिक युनिटे घालून एक युनिटही हाती नाही. ब्रिटनमधील ‘जेट’ या संमीलन यंत्राचा अखेरचा विक्रम ६९ मेगाज्युलचा, साधारण १९ युनिटे. भारतासह सात भागीदारांच्या ‘इटर’ या संमीलन प्रकल्पात ड्यूटेरियम-ट्रिटियम पेटणार २०३९ मध्ये. ही प्रगती वैज्ञानिकांची आहे आणि ती आदरास पात्र आहे. ते तारखा पुढे ढकलतात आणि तसे सांगतात. दलाल तारखा अलीकडे आणतात.

आपल्यासाठी धडा आहे. ‘ट्रम्प मीडिया’ची घोषणा झाली त्याच आठवड्यात आपल्या संसदेने ‘शांती’ विधेयक मंजूर करून अणुऊर्जा खासगी क्षेत्रास खुली केली आणि पुरवठादारास जबाबदार धरणारी तरतूदही जाता जाता काढून टाकली. चर्चा किती झाली ते सर्वांनी पाहिले. उद्या एखादा उद्योगपती ‘स्वदेशी सूर्या’चा प्रस्ताव घेऊन येईल, मग जमीन आणि सवलती मिळतील आणि टाळ्याही वाजतील. वास्तविक आपल्याकडे दाखवण्यासारखे खरे काही आहे. रायगडमधील थळच्या कारखान्यात जड पाणी तयार होते, देशभरातील जड पाण्याच्या भट्ट्यांत ट्रिटियम साठतो, ‘इटर’चे ३,८०० टनांहून जड शीतपात्र हजिऱ्यात घडले, गांधीनगरची प्लाझ्मा संस्था लिथियम आवरणावर अनेक वर्षे काम करते आहे. या कंटाळवाण्या कामास मथळे मिळत नाहीत आणि पुरेसे पैसेही नाहीत. यापुढे कोणीही सूर्य विकावयास आला तर सरकारने त्याच्याकडून दोन आकडे लेखी घ्यावेत. पहिल्या वर्षाचा ट्रिटियम किती आणि कोणाकडून, आणि दहाव्या वर्षी किती टन किरणोत्सारी पोलाद कोणाच्या खर्चाने कोठे ठेवणार. ज्यास हे देता येत नाही तो ऊर्जा कंपनी चालवत नाही. तो समभाग विकतो. त्याचे नियमन अणु नियामकाने नव्हे, शेअर बाजाराच्या नियामकाने करावे.